मुंबईत राहून ड्रोन उडवायला कसं शिकावं

आमच्या मजल्यावरचा नववीतला मुलगा गेल्या दिवाळीत एक खोकं घेऊन दारात उभा राहिला. मामाने ड्रोन दिला होता. पहिलाच प्रश्न त्याने विचारला, "काका, सेक्रेटरींकडून गच्चीची चावी मागून आणू?"

मी नको म्हटलं आणि त्याचा चेहरा पडला. मग त्याला घरात घेतलं, चहा ठेवला आणि खिडकीपाशी उभं केलं. आम्ही घाटकोपरला राहतो. वर्षातले बरेच महिने विमानतळावर उतरणारी विमानं आमच्या डोक्यावरून जातात, इतकी खालून की चाकं दिसतात. "आपली गच्ची त्यांच्या वाटेत आहे," एवढंच त्याला सांगितलं. पुढचे दोन महिने मी त्याला जे शिकवलं, ते इथे लिहितो आहे. मुंबईत नवा ड्रोन हातात आलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या मनात आधी गच्चीच येते, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

आधी डोक्यावर काय आहे ते बघा

भारतात ड्रोनसाठी २५ ऑगस्ट २०२१ पासून ड्रोन नियम लागू आहेत. देशाचं आकाश त्यात हिरव्या, पिवळ्या आणि लाल क्षेत्रांत वाटलेलं आहे. हिरव्या क्षेत्रात १२० मीटर, म्हणजे ४०० फुटांपर्यंत, हवाई वाहतूक खात्याची वेगळी परवानगी लागत नाही. विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा ६० मीटरवर येते. त्याहून जवळ गेलात की पिवळं किंवा लाल क्षेत्र लागतं. पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी हवी, लाल क्षेत्रात थेट केंद्र सरकारची. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावर हा नकाशा आहे. आपलं घर त्यावर शोधा.

मुंबईचा नकाशा उघडलात की लगेच लक्षात येईल. शहराच्या मधोमध आंतरराष्ट्रीय विमानतळ, त्याला लागून जुहूचं विमानतळ. १९३२ च्या ऑक्टोबरमध्ये जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन जिथे उतरले, तेच हे जुहू. आज तिथून हेलिकॉप्टरं उडतात, समुद्रातल्या तेलविहिरींवर जाणारीसुद्धा. कुलाब्याला नौदलाचा हेलिकॉप्टर तळ, माझगावला जहाजबांधणीची गोदी, तुर्भ्याला भाभा अणुसंशोधन केंद्र, मलबार हिलला राज्यपालांचं निवासस्थान. आता खाडीपलीकडे नवी मुंबईचं विमानतळही सुरू झालं आहे. या सगळ्यांतून जी मोकळी फट उरते, ती नवशिक्याच्या उपयोगाची नाही.

चौपाटीबद्दल मुद्दाम सांगतो, कारण तिथे पुष्कळजण फसतात. समोर समुद्र, वर मोकळं आकाश, मग अडचण कसली, असं वाटतं. पण हेलिकॉप्टरं किनाऱ्याच्या कडेनेच आणि खालून जातात. वर्सोवा, जुहू, बँडस्टँड, मरीन ड्राइव्ह यांपैकी कुठेही हात शिवशिवले तरी ड्रोन बॅगेतच राहू द्या.

याशिवाय मुंबई पोलिसांचा आदेश असतो. शहरात ड्रोन, पॅराग्लायडर, हॉट एअर बलून वगैरे उडवायला बंदी घालणारे हे आदेश भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. एकेक आदेश साधारण ३० दिवसांचा असतो आणि पुन्हा पुन्हा काढला जातो. लेखी परवानगी असेल तरच सूट मिळते. मोडला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली गुन्हा दाखल होतो. ड्रोन नियमांखालचा दंड वेगळा, तो १ लाख रुपयांपर्यंत जाऊ शकतो. "माझा तर एवढासाच आहे" हे म्हणणं चालत नाही, कारण आदेशात खेळण्यातला ड्रोन म्हणून वेगळी सवलत नसते. आणि २६/११ पाहिलेल्या शहराने आकाशातल्या अनोळखी वस्तूकडे संशयाने बघावं, हे मला पूर्ण पटतं.

तेव्हा माझा सल्ला सरळ आहे: शिकायचं घरात, आणि उडवायचं शहराबाहेर.

कोणता ड्रोन घ्यावा

ड्रोनचे वर्ग वजनावर ठरतात. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, तिथून २ किलोपर्यंत मायक्रो, पुढे लहान, मध्यम, मोठा. नॅनोसाठी पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. मायक्रो हौसेखातर उडवणार असाल तरी लागत नाही, पैसे कमवायला उडवायचा तर लागतं. ते १८ ते ६५ वयाच्या, दहावी पास झालेल्या माणसाला मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण घेऊन मिळतं. लग्नाचं शूटिंग करायची स्वप्नं बघणाऱ्यांनी ते आधीच मनात धरावं.

वजन मोजताना ड्रोनवर जे जे लावलंय ते सगळं धरतात. खोक्यावर २४९ ग्रॅम लिहिलेला ड्रोन पंख्यांची जाळी बसवली की २५० च्या पुढे जातो आणि वर्ग बदलतो. घरातल्या स्वयंपाकाच्या काट्यावर एकदा ठेवून बघा.

विकत घेताना दुकानदाराला नोंदणीबद्दल विचारा. ड्रोनला विशिष्ट ओळख क्रमांक घ्यावा लागतो, आणि नॅनोपेक्षा जड ड्रोनच्या मॉडेलला प्रकार प्रमाणपत्र, म्हणजे त्या मॉडेलला मिळालेली सरकारी मान्यता, नसेल तर तो क्रमांक मिळवताना अडचण येते. ९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, संशोधन आणि संरक्षणासारखे अपवाद सोडून. सुट्या भागांना बंदी नाही. म्हणून कुणी बिलाशिवाय "बाहेरचा माल" स्वस्तात देऊ केला तर नाही म्हणा. पुढे नोंदणीला बसलात की त्या स्वस्ताईची किंमत कळते.

पण हे सगळं दुसऱ्या ड्रोनबद्दल. पहिला ड्रोन म्हणून मी कुणालाही तळहाताएवढा, चारही पंख्यांभोवती गोल कडं असलेला छोटा ड्रोन सुचवतो. हौशी लोक त्याला वूप म्हणतात. वजन तीस-चाळीस ग्रॅम. सोफ्यावर आपटला, भिंतीला लागला, तरी दोघांचंही काही बिघडत नाही. त्यात जीपीएस नसतं, आणि म्हणूनच तो चांगला शिकवतो. जीपीएसवाला ड्रोन रिमोटवरच्या स्टिक, म्हणजे दांड्या, सोडल्या की स्वतःच हवेत थांबतो. त्यामुळे उडवणाऱ्याला आपल्याला येतं असं वाटत राहतं, आणि ज्या दिवशी उपग्रहांचा सिग्नल तुटतो त्या दिवशी हात रिकामे असतात.

हॉलमधला पहिला आठवडा

मुंबईतला हॉल म्हणजे दहा बाय बारा, फार तर दहा बाय पंधरा. पुरतो. सिलिंग फॅन बंद करा आणि बटणावर कागद चिकटवा, कारण उकडलं की घरातलं कुणीतरी न बघता फॅन लावतंच. एसी बंद, खिडक्या बंद, पडदे बांधून ठेवा. पडद्यात अडकलेला पंखा फिरत राहायला बघतो आणि मोटर जळते. लांब केस बांधा. चष्मा नसेल तर साधा गॉगल तरी घाला. लहान मूल आणि मांजर दुसऱ्या खोलीत.

लादीवर सतरंजी किंवा नक्षीची चटई अंथरा. आजकालच्या बऱ्याच छोट्या ड्रोनच्या पोटाला एक बारीक कॅमेरा असतो. तो खालची जमीन बघून आपण सरकतोय का ते ओळखतो. गुळगुळीत पांढऱ्या चकचकीत लादीवर त्याला धरायला काही सापडत नाही आणि ड्रोन वाहवत जातो. आमच्या मुलाने पहिल्या दिवशी "ड्रोन खराब आहे" म्हणून तो परत करायचीच तयारी केली होती. खाली आजीची गोधडी पसरली आणि ड्रोन जागच्या जागी थांबला. उजेडही भरपूर हवा, अंधारात तो कॅमेरा आंधळा.

पंखे तपासा. चार पंख्यांपैकी समोरासमोरच्या कोपऱ्यातले दोन एका दिशेने फिरतात, उरलेले दोन उलट. चुकीच्या जागी चुकीचा पंखा बसवला तर ड्रोन उडताना जागेवरच कोलांटी खातो. पात्याची कड बोटाने चाचपा. खरचटलेलं पातं बदला, ते सगळ्या ड्रोनला थरथरवतं.

रिमोटवर बहुतेक ठिकाणी डावी स्टिक वर-खाली आणि जागेवर वळण्यासाठी असते, उजवी पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे सरकण्यासाठी. पहिले दोन दिवस फक्त एक काम: गुडघ्याएवढ्या उंचीवर उचला, तीस सेकंद एका चटईवर धरून ठेवा, उतरवा. कंटाळवाणं आहे, पण सगळ्या उड्डाणाचा पाया इथेच भरला जातो. जमिनीच्या अगदी जवळ ड्रोन डगमगतो, कारण त्याचीच हवा जमिनीवर आपटून वर येते. म्हणून चार बोटं उंचीवर रेंगाळू नका, ठामपणे गुडघ्यापर्यंत न्या. भिंतीजवळ आणि छताजवळ उलटं होतं, हवा ड्रोनला तिकडे ओढते. एकदा छताला चिकटला की घाबरून आणखी थ्रॉटल, म्हणजे वर उचलणारा जोर, देऊ नका, कमी करा.

मग चौकोन. चार कोपऱ्यांत चार वाट्या ठेवा आणि ड्रोनची शेपटी सतत आपल्याकडे ठेवून एकेका वाटीवर जाऊन थांबा. दोन्ही बाजूंनी जमलं की खरी परीक्षा: ड्रोनचं तोंड आपल्याकडे करा. आता त्याचं डावं ते तुमचं उजवं. इथे सगळ्यांचा गोंधळ उडतो. मला एका जुन्या विमानं उडवणाऱ्या गृहस्थांनी सांगितलेली युक्ती अशी: तोंड आपल्याकडे असताना ड्रोन ज्या बाजूला खाली झुकतोय, त्याच बाजूला स्टिक द्या, जणू खाली पडणाऱ्या कडेला हाताचा आधार देताय. डोक्यात डावं-उजवं उलटं करत बसण्यापेक्षा हे कितीतरी लवकर अंगात मुरतं. शेवटी दोन खुर्च्यांभोवती इंग्रजी आठचा आकडा काढता आला की हॉलचं काम संपलं.

आपटणार असं दिसलं तर थ्रॉटल ताबडतोब शून्यावर. पकडायला हात पुढे करू नका. ही सवय पहिल्याच दिवशी लावा, कारण मोठ्या ड्रोनचे पंखे बोट कापतात.

पावसाळ्यात, किंवा हॉलमध्ये पाहुणे असतील तेव्हा, संगणकावरच्या सिम्युलेटरवर सराव होतो. लिफ्टऑफ, वेलोसिड्रोन अशी नावं आहेत. खेळाचा जॉयस्टिक न वापरता आपला खरा रिमोट जोडता आला तर जोडा, म्हणजे बोटांना तीच सवय लागते.

बॅटरीशी कसं वागावं

ड्रोन पडला तर पडला, पण बॅटरी पेटली तर घर जातं, म्हणून हा भाग पाठच करा. लिथियम पॉलिमर बॅटरीचा साधा सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्टचा असतो. उडवताना तो ३.५ च्या आसपास आला की उतरायचं. पार रिकामी केलेली बॅटरी पुन्हा नीट भरत नाही आणि धोकादायक होते. दोन-तीन दिवस उडवायचं नसेल तर पूर्ण भरून ठेवू नका, ३.८ व्होल्टवर ठेवा. चांगल्या चार्जरमध्ये साठवणीसाठी तसं वेगळं बटण असतं. काही बॅटऱ्या ४.३५ व्होल्टपर्यंत भरायच्या असतात. तसं त्यांच्यावर छापलेलं असतं. साधी बॅटरी त्या सेटिंगवर लावणं म्हणजे आगीला आमंत्रण.

चार्जिंग उघड्या लादीवर, आपण जागे आणि खोलीत असताना. गादीवर नाही, पुस्तकांच्या कपाटात नाही, रात्रभर लावून तर कधीच नाही. उडवून आणलेली गरम बॅटरी आधी निवू द्या. फुगलेली बॅटरी दाबू नका, टोचू नका, "अजून एकदा चालेल" म्हणू नका. ती घराबाहेर उघड्यावर, मातीच्या कुंडीत वाळूवर ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. ओल्या-सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकलीत तर ती गाडीत दाबली जाऊन पेटू शकते, आणि तिथे कुणीतरी हाताने काम करत असतं.

लोकलने नेताना टोकांवर चिकटपट्टी लावा आणि प्रत्येक बॅटरी वेगळ्या पिशवीत घाला. किल्ल्यांच्या जुडग्याबरोबर एका खिशात टाकलेली बॅटरी गर्दीच्या डब्यात काय करेल याचा विचार करा. विमानाने जाताना सुट्या बॅटऱ्या हातातल्या सामानात न्यायच्या असतात.

शहराबाहेरचं पहिलं उड्डाण

आम्ही मुरबाडच्या पुढे ओळखीच्यांच्या शेतावर गेलो. भाताची कापणी झालेली, खाचरं मोकळी, माणसं फारशी नाहीत. निघायच्या दिवशी सकाळी नकाशा पुन्हा पाहिला, कारण क्षेत्रं बदलतात. शेतमालकाला आदल्या रात्री फोन केला होता, आणि जवळच्या पोलीस ठाण्यातही विचारून घेतलं की जिल्ह्यात काही बंदी आदेश आहे का. गडकिल्ल्यांवर आणि जंगलात वेगळी परवानगी लागते, तिथे पहिला सराव नकोच.

वेळ सकाळची घ्या. कोकणपट्टीत दुपार चढली की खारे वारे सुटतात आणि चारपर्यंत जोर धरतात. सकाळी हवा शांत असते. झाडाची पानं हलताहेत, फांद्या नाहीत, एवढा वारा नवशिक्याला चालतो. विजेच्या तारा बघून घ्या, त्या दुरून दिसत नाहीत, खांब दिसतात. दोन खांब दिसले की मधे तार आहे असं धरून चाला. संक्रांतीच्या आसपास पतंगाचा मांजा हवेत असतो, तेव्हा गावाजवळ उडवूच नका.

घारींबद्दल. आमच्या तिसऱ्या उड्डाणात एक घार आली आणि ड्रोनभोवती फिरायला लागली. मुलगा घाबरून ड्रोन खाली आणायला लागला. अशा वेळी घाई न करता बाजूला सरकायचं, तिच्या हद्दीतून बाहेर जायचं आणि उतरायचं. ती झडप घालत असेल तर थोडं वर जाणं बरं, कारण घार वरून खाली येते. त्या दिवसापुरतं उड्डाण थांबवा. पाती तिच्या पंखाला लागली तर ती परत उडणार नाही. पाणथळ जागांनाही याच कारणासाठी लांब ठेवा. २० मे २०२४ च्या रात्री आमच्या घाटकोपरमध्ये एका प्रवासी विमानाची धडक बसून फ्लेमिंगोंचा थवाच मेला होता. ते गुलाबी पक्षी रस्त्यावर पडलेले लोकांनी पाहिले. शिवडी, ठाणे खाडी, भांडुपच्या पाणथळीत हिवाळ्यात हजारोंनी पक्षी उतरतात. ते बिथरून एकदम उडाले की पुढे काय होईल ते आपल्या हातात राहत नाही.

जीपीएसवाला ड्रोन असेल तर तो चालू करून सपाट जागी ठेवा आणि पुरेसे उपग्रह मिळून "होम" जागा नोंदली जाईपर्यंत थांबा. हे न करता उडवलेला ड्रोन परत बोलावला तर कुठल्या "घरी" जाईल सांगता येत नाही. परत येण्याची उंची आसपासच्या सर्वांत उंच झाडापेक्षा जास्त ठेवा. गॅलरीतून किंवा स्लॅबखालून उडवायचं नाही याचं हे आणखी एक कारण आहे: सिग्नल तुटला की ड्रोन सरळ वर जाऊन मग घरी यायला बघतो, आणि वर स्लॅब असतो. गच्चीवर तर स्लॅबमधल्या सळ्यांमुळे होकायंत्र चुकतं, भोवतीच्या टॉवरांच्या भिंतींवरून उपग्रहांचे सिग्नल परावर्तित होऊन येतात, आणि इमारतींच्या कोपऱ्यांवर वारा भोवरे करतो. विमानतळ नसतं तरी मी त्या मुलाला गच्चीची चावी दिली नसती.

उचलल्यावर डोळ्याच्या उंचीवर दहा सेकंद थांबा. आवाज ऐका, दोन्ही स्टिक चारही दिशांना थोड्या हलवून बघा, मगच पुढे. ड्रोन कायम डोळ्यांना दिसायला हवा, स्क्रीनवर दिसणं वेगळं. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने आधी जा, म्हणजे परतीला वारा पाठीशी असतो. बॅटरी ४० टक्क्यांवर आली की परत फिरा. सरळ खाली वेगाने आणू नका, ड्रोन स्वतःच्याच ढवळलेल्या हवेत सापडून लटपटतो. थोडा पुढे सरकत, तिरपा उतरवा.

लोकांच्या डोक्यावरून नाही, रस्त्यावरून नाही. पाव किलोची वस्तू साठ मीटरवरून डोक्यात पडली तर काय होईल, ते सांगायची गरज नाही. आणि कुणाच्या अंगणावरून, खिडकीवरून कॅमेरा नेऊ नका. शेतात बायका काम करत होत्या, तर आम्ही आधी जाऊन विचारलं. त्यातल्या एक मावशी म्हणाल्या, "उडवा, पण आमच्याकडे वळवू नका." आम्ही तोंड दुसरीकडे करूनच उडवलं. बाईचं खासगी क्षणातलं चित्रण करणं न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे, पण मावशींना कलम सांगावं लागू नये.

ड्रोन कुणाच्या आवारात पडला तर कुंपण ओलांडून जाऊ नका, दार वाजवा. पाण्यात पडला तर बॅटरी काढून लांब ठेवा आणि ती पुन्हा वापरू नका. पोलिसांनी विचारलं तर लगेच उतरवा, नोंदणीचे कागद दाखवा. ते कागद मोबाइलमध्ये आणि छापील, दोन्ही जवळ असू द्या.

परतताना आम्ही शेताच्या बांधावर बसून वहीत लिहिलं: तारीख, जागा, कोणती बॅटरी किती मिनिटं चालली, काय चुकलं. वहीच्या पहिल्या पानावर "घार, घाई केली" असं आहे. दुसऱ्या रविवारच्या पानावर "वारा वाढला, उडवला नाही" एवढीच ओळ आहे. मुरबाडपर्यंत जाऊन, डबा खाऊन, ड्रोन बॅगेतून न काढता आम्ही परत आलो होतो, आणि ते त्या मुलाने स्वतःच ठरवलं होतं.